ब्रायटन
ब्रायटन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रसिद्ध विश्रामस्थान. लोकसंख्या शेजारच्या होव्हसह सु. २,७७,००० (२०२१). ते ईस्ट ससेक्समध्ये, लंडनच्या दक्षिणेस सु. ७६ किमी. अंतरावर इंग्लिश खाडीकाठी वसले आहे. किनारा गोट्यांचा असून भरतीच्या वेळी वाळू दिसतच नाही. अनवाणी चालणे जिकिरीचे.

मूळची ही कोळ्यांची वस्ती. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनमहसुलाच्या नोंदवहीत येथील एका जहागिरीचा खंड ४,००० हेरिंग मासे असा नोंदविला आहे. १५१४ मध्ये फ्रेंचांनी गाव जाळले. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या वादळांनी उरलीसुरली रयाही गेली. लेविस येथील डॉक्टर रिचर्ड रसेल याने १७५० मध्ये ग्रंथिरोगांवर समुद्राचे पाणी गुणकारी असल्याचा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला आणि गावाचे नशीब पालटले. रोग्यांना तो हे पाणी पोटातही घ्यायला लावी. पाठोपाठ धनिकांची रीघ लागली. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) आला आणि येथेच रमला.

त्याचा रॉयल पॅव्हिलियन हा प्रासाद जॉन नॅशने १८१५–२२ दरम्यान आजच्या रूपात आणला. बाहेरून मोगल धर्तीचे घुमट व मनोरे, आत चिनी थाट. भोजनगृहाच्या छतातील चंदेरी ड्रॅगनच्या पंजात सु. एक टन वजनाचे झुंबर लटकते. मुदपाकखान्यातील लोखंडी खांबांना तांब्याच्या ताडपानांचे शेंडे आहेत. नॅशने हिंदुस्थान पाहिला नव्हता, आणि ते दिसते. तरीही ही गमतीदार सरमिसळ ब्रायटनमधील सर्वांत प्रेक्षणीय वास्तू होय. गर्दीला विटलेल्या व्हिक्टोरिया राणीने येथे येणे सोडले. १८५० मध्ये नगराने प्रासाद विकत घेतला.

पाटण्याचा शेख दीन महमद याने येथे बाष्पस्नान व चंपीचा व्यवसाय थाटला. चौथ्या जॉर्जने त्याला राजसेवेत नेमले. पहिल्या महायुद्धात पॅव्हिलियनमध्ये जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते (१९१४–१६). हिंदू व मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले होते, स्वयंपाकही धर्म व जात पाहून वेगवेगळा होई. येथे मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन शहराबाहेर पॅचमजवळील टेकडीवर झाले. तेथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली गेली. प्रवासी तिकडे क्वचितच फिरकतात. पॅव्हिलियनच्या दक्षिण बाजूचे भारतीय प्रवेशद्वारही त्याच वर्षीचे. त्याचे अनावरण पतियाळाच्या महाराजांनी केले.

लंडनहून लोहमार्ग आला (१८४१) आणि सामान्य लोकही एका दिवसाच्या सहलीला येऊ लागले. व्होल्क या अभियंत्याची विद्युत् रेल्वे (१८८३) व पॅलेस पिअर हा समुद्रात शिरलेला धक्का (१८९९) चालू आहेत. वेस्ट पिअर (१८६६) १९७५ मध्ये बंद पडला व २००३ मध्ये जळाला. १९८४ मध्ये हुजूर पक्षाच्या अधिवेशनकाळात ग्रँड हॉटेलात आयरिश रिपब्लिकन आर्मीने केलेल्या बाँबस्फोटात पाच जण ठार झाले. पंतप्रधान मार्गारेट थॅचर बचावल्या.

होव्हशी एकीकरण १९९७ मध्ये झाले. २००० मध्ये शहराचा दर्जा जाहीर झाला. पर्यटन, परिषदा व शिक्षण हे प्रमुख व्यवसाय. ससेक्स विद्यापीठ (१९६१) जवळच फामर येथे आहे.