मराठा लष्कर : उगम आणि जुन्नर परिसर
शिवाजी महाराजांनी उभारलेले स्वराज्याचे सैन्य. त्याच्या युद्धपद्धतीचा माग जुन्नरपर्यंत जातो. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबर या हबशी वजिराने निजामशाहीची राजधानी काही काळ येथे ठेवली आणि मराठा घोडेस्वारांच्या साथीने मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. या युद्धपद्धतीच्या घडणीत आफ्रिकेत जन्मलेल्या या सेनानीचा वाटा मोठा आहे.

स्वराज्याच्या फौजेचा आरंभ मावळ्यांच्या पायदळाने झाला. घोडदळ वाढवायला घोडे हवे होते. १६५७ मध्ये महाराजांनी तोवर मोगलांकडे गेलेले जुन्नर लुटले. सभासद बखरीनुसार दोनशे घोडे आणि तीन लाख होनांची मत्ता हाती आली.

पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, सर्वांवर सरनोबत अशी घोडदळाची रचना होती. बारगिराला घोडा सरकारचा मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. पावसाळा छावणीत काढून फौज दसऱ्याला मोहिमेवर निघे. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. त्या काळात ही शिस्त विलक्षणच.

जुन्नर परिसरालाही आपले मावळ होते : घोड नदीचे खोरे, म्हणजे आजच्या आंबेगावचा मोठा भाग, घोडनेर या नावाने जुन्नर–चाकणच्या बारा मावळांत मोडे. जुन्नरजवळचे महाराजांचे जन्मस्थान शिवनेरी मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आले नाही.