सरोवराकाठचे ऋण

व्हेनेझुएला देशाच्या वायव्य भागात माराकाइबो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी मासेमारीवर गुजराण करणाऱ्या गोरगरीब कॅथलिक कुटुंबांच्या वस्त्या आहेत. या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या एक भयंकर रोग ठाण मांडून बसला आहे. ऐन तिशी-चाळिशीत धडधाकट माणसाचे हातपाय आपोआप झटके देऊ लागतात, तोल जातो, वाचा अडखळते, स्वभाव पालटतो, बुद्धी क्षीण होत जाते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे हे भोग भोगल्यानंतर मृत्यूच त्याची सुटका करतो. गावकरी या रोगाला 'एल माल', म्हणजे नुसतेच 'दुखणे', म्हणत. कोणी त्याला हुतात्मा संत व्हायटस यांचे नाव जोडीत. वैद्यकशास्त्र त्याला हंटिंग्टनचा रोग म्हणते.

जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टराने १८७२ साली या रोगाचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे वडील व आजोबाही त्याच गावात वैद्यकी करीत. म्हणून रोगी घराण्यांच्या तीन पिढ्या त्याला ठाऊक होत्या. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणे दिसण्यापूर्वी बहुधा लग्न होऊन मुलेबाळे झालेली असतात, आणि रोग नकळत पुढच्या पिढीत उतरलेला असतो.

दुर्मीळ रोगाचे दुःख दुहेरी असते. पाश्चात्त्य देशांतही या रोगाचे प्रमाण दहा हजारांत सुमारे एक एवढेच. रुग्ण थोडे, म्हणून औषध कंपन्यांना त्यात लाभ दिसत नाही. लाभ नाही, म्हणून संशोधनाला पैसा नाही. मग हा खर्च उचलावा कोणी? इतिहासाचे उत्तर असे, की ज्यांच्या घराला आग लागली होती, तेच प्रथम पाणी घेऊन धावले.

विख्यात लोकगायक वुडी गथ्री १९६७ साली ५५ व्या वर्षी या रोगाने वारले. त्यांच्या पूर्वपत्नी मार्जोरी या नृत्यांगना होत्या. त्यांनी त्याच वर्षी मोजक्या रुग्ण-कुटुंबांना हाताशी धरून एक संस्था उभारली आणि सरकारदरबारी खेटे घातले. परिणामी अमेरिकन काँग्रेसने या रोगासाठी खास आयोग नेमला. मार्जोरीबाईंच्या अध्यक्षतेखाली त्याने १९७७ साली आपला अहवाल दिला. इकडे लॉस एंजेलिसचे मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या पूर्वपत्नी लिओनोर यांना १९६८ साली हाच रोग असल्याचे निदान झाले. लिओनोर यांचे वडील आणि तिन्ही भाऊ याच रोगाने गेले होते. अ‍ॅलिस आणि नॅन्सी या दोन्ही मुलींच्या डोक्यावर आता तीच टांगती तलवार आली. वेक्सलर यांनी निधी जमवण्यास आरंभ केला आणि त्यातून हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. तरुण शास्त्रज्ञांना एका खोलीत बसवून मोकळी चर्चा करू द्यायची आणि नव्या कल्पनांना मदत द्यायची, ही त्यांची रीत होती.

परंतु पैशाने प्रयोगशाळा उभी राहते. जनुकाचा माग काढायला मोठी वंशावळ लागते. ती माराकाइबोच्या काठी होती. १९५० च्या दशकात आमेरिको नेग्रेते हे व्हेनेझुएलाचे डॉक्टर तेथे गेले, तेव्हा झोकांड्या खाणारी माणसे दारू प्यालेली असावीत, असा त्यांचा समज झाला. खरा प्रकार ध्यानी आल्यावर त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. त्यांच्या शिष्याने १९७२ साली अमेरिकेतील परिषदेत या रुग्णांचे चित्रण दाखवले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले.

नॅन्सी वेक्सलर १९७९ साली तेथे प्रथम गेल्या. १९८१ पासून त्यांचे पथक दरवर्षी जाऊ लागले. परक्यांना रक्त देण्यास लोक प्रथम बिचकत. तेव्हा नॅन्सी यांच्या दंडावरील, स्वतःच्या त्वचेचा नमुना दिल्याचा वण गावकऱ्यांना दाखवण्यात आला. ही बाई आपल्यापैकीच आहे, हे ओळखताच लोकांचा संशय मावळला. पुढे १८,००० हून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली आणि ४,००० हून अधिक जणांनी रक्त दिले. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन दमड्यांची आठवण व्हावी, असेच हे दान होते.

या रक्ताच्या आधारे जेम्स गुसेला यांनी १९८३ साली रोगाची खूण चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९३ साली सहा संशोधक गटांच्या ५८ शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष जनुक शोधून काढले. डीएनएमधील तीन अक्षरांचा एक तुकडा त्यात वाजवीपेक्षा अधिक वेळा येतो. चाळीस वा त्याहून अधिक वेळा आला, की रोग अटळ ठरतो.

एवढे होऊनही सरोवराकाठच्या झोपड्यांत काय पोहोचले? झटके कमी करणारी औषधे निघाली. पण रोगाचे मूळ उपटणारा उपाय या शोधातून लगेच हाती आला नाही. २०२५ साली जनुकोपचाराच्या एका लहान चाचणीत रोगाची गती मंदावल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोठे आशेचा किरण दिसला. दरम्यान व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली आणि ज्यांच्या रक्ताने हा शोध लागला, त्यांना अन्न व साधी औषधेही दुर्मीळ झाली. स्वतः नॅन्सी यांनी २०२० साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, आपल्यालाही हा रोग असल्याचे जाहीर केले.

१८ मे २०१७ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये या रोगाच्या शेकडो रुग्णांची व त्यांच्या आप्तांची भेट घेतली. व्हेनेझुएलाची कुटुंबेही त्यांत होती. हा रोग यापुढे लपवला जाऊ नये, असे त्यांनी सांगितले आणि रुग्णांना पोटाशी धरले. शास्त्रज्ञांना त्यांनी उत्तेजन दिले. मात्र हेतू कितीही उदात्त असला, तरी मानवी भ्रूणाचा नाश त्यासाठी होऊ नये, असेही बजावले.

आपल्याकडेही सोयरीक मोडेल या धास्तीने घरातले आनुवंशिक दुखणे झाकून ठेवले जाते. झाकलेल्या रोगासाठी कोणी निधी जमवत नाही आणि त्यावर कोणी संशोधनही करीत नाही. मार्जोरी आणि वेक्सलर कुटुंबाने प्रथम लाज सोडली. पैसा त्यामागून आला. सरोवराकाठच्या कोळ्यांनी तर आपले रक्तच दिले. त्यांचे ऋण मात्र जगाने अद्याप फेडलेले नाही.