सागानची पिवळी वाळू

बर्लिनच्या आग्नेयेला सुमारे १६० किलोमीटरवर, तेव्हाच्या जर्मन सायलेशियात आणि आजच्या पोलंडमध्ये सागान हे गाव आहे. गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात जर्मन हवाईदलाने १९४२ मध्ये शत्रूच्या पकडलेल्या वैमानिकांसाठी ‘श्टालाग लुफ्ट ३’ ही छावणी उघडली. जागा निवडताना जमिनीचा विचार झाला होता. हिमयुगातल्या बर्फाच्या वितळपाण्याने या भागात वाळूचे जाड थर पसरले आहेत. वरचा पातळ थर कुजलेल्या पाइनच्या सुयांमुळे करडा, तर त्याखालची वाळू लख्ख पिवळी. खालची मूठभर वाळू वर सांडली तरी पहारेकऱ्याच्या नजरेत भरे. शिवाय ही वाळू सुटी, आधाराशिवाय क्षणभरही न टिकणारी. बराकी खांबांवर उचललेल्या होत्या आणि खोदकामाचा आवाज टिपण्यासाठी कुंपणालगत जमिनीत ध्वनिग्राहक पुरले होते.

पण हीच वाळू खोदायला अगदी सोपी होती. खडक फोडायचा नव्हता. डब्याच्या पत्र्याची फावडी पुरत. पाणी झिरपून खाली जात असल्याने खोलवरही भुयार कोरडे राही. अडचणी दोनच होत्या, छत धरून ठेवण्याची आणि माती लपवण्याची. कैद्यांची सारी कल्पकता या दोन कामांत खर्ची पडली.

रॉजर बुशेल यांच्या नेतृत्वाखाली १९४३ मध्ये टॉम, डिक आणि हॅरी या तीन भुयारांचे काम सुरू झाले. ध्वनिग्राहकांना चकवण्यासाठी ती सुमारे नऊ मीटर खोल नेली. भुयार जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद आणि तितकेच उंच. माणूस पालथा पडून हाताने वाळू ओढी आणि मागोमाग पलंगाच्या फळ्यांची चौकट बसवी. बराकींतल्या हजारो फळ्या अशा जमिनीखाली गेल्या. दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे एकाला एक जोडून हवेची नळी झाली.

वाळू वर आली की ‘पेंग्विन’ म्हणवले जाणारे कैदी ती विजारीच्या आत लटकवलेल्या लांब पिशव्यांत भरत. मैदानात फिरता फिरता दोरी ओढून ती हळूहळू सोडत आणि पायाने करड्या मातीत मिसळत. हे सर्वात जोखमीचे आणि संयमाचे काम होते. त्याची आठवण खोदणाऱ्यांइतकी ठेवली जात नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. टॉम सप्टेंबरमध्ये सापडले. डिकचा उपयोग वाळू कोंबायला झाला. हिवाळ्यात बर्फावर पिवळी वाळू टाकणे अशक्य झाले, तेव्हा ती छावणीतल्या नाट्यगृहाच्या आसनांखाली भरली.

शेजारच्या विभागात ऑक्टोबर १९४३ मध्ये तिघे निसटले. कुंपणाजवळ उड्या मारण्याचा लाकडी घोडा रोज ठेवला जाई. त्याच्या पोटात लपलेला माणूस खाली खणे, पिशव्यांतली वाळू घोड्यातच टांगे आणि परतताना तोंडावरच्या फळ्यांवर वरचीच करडी माती पसरे. एरिक विल्यम्स, मायकेल कॉडनर आणि ऑलिव्हर फिलपॉट स्वीडनला सुखरूप पोचले.

सुमारे १०० मीटर लांबीच्या हॅरीतून २४ मार्च १९४४ च्या रात्री ७६ जण बाहेर पडले. भुयाराचे तोंड झाडीच्या अलीकडेच उघडले होते. ७७ वा माणूस तिथेच पकडला गेला. तिघेच मुक्त झाले. ७३ पुन्हा हाती लागले आणि त्यांतल्या ५० जणांना हिटलरच्या आदेशाने गोळ्या घातल्या गेल्या. बुशेल त्यांतलेच एक.

२००३ मध्ये संशोधकांनी जमिनीत रेडार लहरी सोडून डिकचा माग काढला आणि उत्खनन केले.