बाळूंचे बळी चालले, कर्णधारपद का चालले नाही?

'खेळात जात नसते', असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. मैदानावर म्हणे फक्त गुणवत्ता चालते. असे म्हणणाऱ्यांनी बाळू पालवणकरांचा इतिहास वाचावा.

१८७६ साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचे काम करत. तिथे साहेबांना सराव देता देता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाला जिंकण्यासाठी त्यांची गरज पडली, तेव्हा संघात जागा मिळाली. पण चहा मिळायचा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सवर्णांना चालत होता, त्यांच्या हातचा कप मात्र चालत नव्हता!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. गुणवत्तेचा याहून मोठा पुरावा कोणता हवा होता?

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते सारस्वत ब्राह्मण असलेल्या एम. डी. पै यांना मिळाले. खुद्द पै यांनीच सत्काराच्या वेळी सांगितले की, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले गेले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला जाहीर नकार दिला. मग निवड समिती नमली आणि बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. पण बाळूंचा खेळण्याचा काळ तोवर सरला होता. घरात कर्णधारपद आले ते विनवणीने नव्हे, दोन भावांनी मैदान सोडण्याची हिंमत दाखवली म्हणून.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, बाळूंचे गोडवे कशाला? पुणे कराराच्या वेळी ते कुठे होते? १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले ना? होय, राहिले आणि पडले. त्यांचे ते राजकारण आम्हाला मान्य नाही. पण कर्णधारपद देताना ज्या समाजाला बाळूंची जात आडवी आली, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना बाबासाहेबांविरुद्ध उमेदवार हवा होता तेव्हा तीच जात सोयीची वाटली. दोष बाळूंपुरता मोजून चालणार नाही.

नांदेडकरांना हे नवे नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंसारख्यांचे जीव गेले. बाबासाहेबांनी घडवलेली घटना चालत होती, फाटकावर त्यांचे नाव चालत नव्हते. बाळूंचे बळी चालले आणि कर्णधारपद चालले नाही, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून नांदेड-लातूरच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. आपला पोरगा संघात घेतला, एवढ्यावर हुरळून जाऊ नका. संघ कोण निवडतो? समितीत कोण बसते? कर्णधार कोण ठरवतो? क्रीडा संघटनेत, महाविद्यालयात, पक्षात, सगळीकडे हेच तीन प्रश्न विचारा. राबायला आपण आणि ठरवायला ते, ही वाटणी बाळूंच्या काळातही अन्यायाची होती आणि आजही आहे.

जय भीम!