वंशावळीबाहेरच्या स्त्रिया

कुलवृत्तान्त चाळताना आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष भेटतात. स्त्रिया बहुधा ‘अमुकांची पत्नी’ एवढ्याच ओळखीने येतात. कन्यांना तर अनेकदा स्थानच नसते. विवाहात नाव बदलण्याच्या रूढीमुळे एकाच स्त्रीची दोन नावे दोन घराण्यांच्या कागदांत विखुरली आणि त्यांचा सांधा जुळवायचे राहून गेले.

अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागोमाग मराठी घराणी उत्तरेस व गुजरातेत गेली. पुरुषाच्या सनदेची, चाकरीची नोंद राहिली. परमुलखात संसार उभा करणारी मात्र अनामिक राहिली. तरीही तिच्या खुणा सापडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, स्त्रीधनाच्या याद्या, माहेरच्या भांड्यांवर कोरलेली नावे, हीच तिची दफ्तरे. बडोदे संस्थानात 1893 साली अमरेलीत सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1906 साली सर्वत्र लागू झाले, मुलींनाही. त्यामुळे शाळांच्या पटावर मुलींची माहेरची नावे उमटली.

सर्वांत बोलके असते दत्तकपत्र. पतीच्या पश्चात वारस निवडणारी विधवा तेथे कर्ती म्हणून उभी असते. ज्या वंशवृक्षात तिला नाव नाही, त्याची पुढची फांदी तिच्याच निर्णयाने फुटलेली असते!

मोडी वाचता येत नाही म्हणून कागद आणि जड वाटते म्हणून भांडे, दोन्ही आज मोडीत निघत आहेत. ती जाण्यापूर्वी त्यांवरील नावे आपण उतरून घेऊ आणि वंशावळीत प्रत्येक स्त्रीचे माहेर व सासर, दोन्ही लिहू.