घड्याळजीच्या टेबलावर जन्मलेलं रीळ

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की मासे पकडायच्या रिळाला कसला आलाय इतिहास? काठी, दोरी, गळ. संपलं! पण एखादं जुनं रीळ उघडून बघा. आत दात्यांची चाकं, बारीक स्क्रू आणि पितळेचे खटके दिसतात. नदीकाठापेक्षा घड्याळाच्या दुकानाशी त्याचं नातं जवळचं वाटतं. ते खरंच तसं आहे, आणि आज आपण तेच बघणार आहोत.

रीळ ही कल्पना मुळात फार जुनी. चीनमधल्या सोंग काळातील चित्रकार मा युआन याच्या बाराव्या शतकाच्या अखेरच्या एका चित्रात लहानशा होडीत बसलेला एकटा कोळी आहे, आणि त्याच्या काठीला स्पष्ट रीळ दिसतं. हे चित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमधील पुस्तकांत रिळाचा उल्लेख येतो तो थेट सतराव्या शतकात. पण ही रिळं म्हणजे दोरी गुंडाळायची साधी चकती. मूठ एकदा फिरवली की चकती एकदाच फिरणार.

खरा बदल झाला अमेरिकेत. केंटकी राज्यात पॅरिस नावाचं एक गाव आहे. तिथे जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर राहत असे. 1810 ते 1820 च्या सुमारास त्याने दातेरी चाकं बसवून असं रीळ केलं, की मूठ एकदा फिरवली तर चकती अनेकदा फिरे. अशी गुणक रिळं इंग्लंडात आधीही होती, पण त्यांची घडण कच्ची होती. स्नायडरने घड्याळातील अचूकपणा त्यात आणला. पुढे 1830 च्या दशकापासून फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी तीच परंपरा चालवली. तेही घड्याळ-दागिन्यांच्याच धंद्यातले. ही 'केंटकी रिळं' आज अमेरिकन संग्राहकांच्या यादीत अगदी वरच्या जागी असतात.

आता स्वीडनला जाऊ. स्वेंगस्टा या छोट्या गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'हाल्डा' खिशातली घड्याळं बनत. 1921 साली तिथेच कार्ल बोर्गस्ट्रॉम यांनी नवी कंपनी काढली. तिच्या स्वीडिश नावाचा अर्थच 'घड्याळ कारखाना'. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे 'आबू'. टॅक्सीचे मीटर हा त्यांचा मुख्य माल. दुसरं महायुद्ध आलं, पेट्रोल मिळेना, टॅक्स्या थांबल्या, मग मीटर कोण घेणार? यंत्रं आणि हात तर रिकामे ठेवता येत नाहीत. म्हणून कारखाना रिळांकडे वळला. 1950 च्या दशकात आलेलं त्यांचं लाल 'अँबॅसडर 5000' जगभर गाजलं.

फ्रान्समध्येही हेच. आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ हे घड्याळकामाचं गाव. तिथे 1848 पासून घड्याळकामाची शाळा होती. 'मिचेल' रिळं त्याच गावची. म्हणजे बघा, तीन देश, तीन काळ, पण टेबल तेच. अपवाद इंग्लंडच्या 'हार्डी'चा. 1872 साली ऍनिक गावात विल्यम हार्डी यांनी सुरुवात केली ती बंदुका बनवण्यापासून. तरी काम बारीक लोखंडाचंच ना!

मग बाजाराचं काय? 1970 नंतर जपानी कंपन्यांनी स्वस्त आणि उत्तम रिळं आणली आणि युरोपातल्या जुन्या कारखान्यांचा जोर ओसरला. गंमत अशी की त्याच जपानमधील शौकीन आज जुनी स्वीडिश रिळं परदेशातून हौसेने मागवतात. ज्यांनी बाजार जिंकला, तेच हरलेल्याचा माल जपताहेत. आणि आबू, मिचेल, हार्डी ही एकेकाळची प्रतिस्पर्धी नावं आज एकाच अमेरिकन कंपनीच्या मालकीची आहेत. नावं विकत घेता आली. हातांची सवय मात्र नावाबरोबर मिळत नाही.

ती सवय जुन्या मालात शिल्लक आहे, म्हणून किंमत आहे. संग्राहक काय बघतो? रीळ कुणी केलं, कोणत्या आवृत्तीचं, मूळ पेटी आणि कागद आहेत का, आणि कुणी हात लावलाय का. हार्डीच्या काही जुन्या रिळांत आतल्या बाजूला कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली असतात. जाहिरातीत त्या माणसाचं नाव कधीच आलं नाही. उरलीत ती एवढी दोन अक्षरं. म्हणून आपण एक गोष्ट कळकळीने सांगतो, जुनं रीळ घासून चकचकीत करू नका. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच आणि राख शोधायची सवय. इथे त्याच चिंचेने मूळ रंग, खुणा आणि किंमत, तिन्ही जातात. सुटा भाग बदललात तर जुना भाग फेकू नका, डबीत ठेवा.

आपल्या देशाचाही यात धागा आहे. महसीर मासा धरायला इंग्रज अधिकारी इथल्या नद्यांवर जात. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर पुस्तकच लिहिलं. साहेब गेले, पण सामान सगळंच गेलं नाही. तेव्हा एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावर किंवा भंगारात असं रीळ सापडू शकतं. मात्र परदेशात चांगला भाव आहे म्हणून लगेच पार्सल करू नका. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली, जुन्या काळची कारागिरी दाखवणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. आधी वय तपासा, मग भाव विचारा.

शेवटी एवढंच. भाव चढतो, उतरतो. पण एका गावातले घड्याळजी काम संपल्यावर दुसरं काम कसं शोधतात, हे त्या चाकांत लिहिलेलं आहे. ते वाचायचं तर रीळ उघडायला हवं, आणि उघडण्याआधी ते न घासता ठेवलेलं हवं.