ओ म्हणजे कोरं नव्हे: बॉम्बे ब्लड ग्रुपची गोष्ट

हेडफोन लावलेत? चला.

मागे एकदा रात्री साडेअकराला आमच्या कॅम्प पाचच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: "अर्जंट. बॉम्बे ब्लड ग्रुप हवाय." दोन मिनिटांत शेजारच्या काकांचं उत्तर: "मी ओ पॉझिटिव्ह. जन्म मुंबईचाच. येऊ का?"

हसू आलं, पण खरं सांगतो, माझ्याही कार्डावर ओ आहे आणि मलाही वाटलं होतं की ओ तर सगळ्यांना चालतं, मग इथे काय अडचण? त्या रात्री वाचत बसलो आणि पहाट झाली.

सुरुवात व्हिएन्नातून. १९०० च्या सुमारास कार्ल लँडस्टायनरने स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या तांबड्या पेशी वेगळ्या, वरचं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं. मग प्रत्येकाचं सीरम प्रत्येकाच्या पेशींत टाकून बघितलं. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण टेस्ट मॅट्रिक्स, एकही चौकट न सोडता. कुठे गुठळ्या झाल्या, कुठे नाही. त्या तक्त्यातून गट निघाले, ज्यांना आज आपण ए, बी आणि ओ म्हणतो. एबी नंतर, १९०२ मध्ये सापडला.

गुठळ्या का होतात? उत्तर पेशीच्या सालीत आहे, म्हणजे पेशीपटलात. तांबडी पेशी यासाठी फार सोयीची. आत केंद्रक नाही, दुसरी पटलं नाहीत, जे काय पटल ते बाहेरचंच. म्हणून तर १९२५ मध्ये नेदरलँड्सच्या खॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी याच पेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली, आणि ती पेशीच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरली. म्हणजे पटल दुपदरी! या दुपदरी पटलावर बाहेरच्या बाजूने साखरेच्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. ए गटात टोकाला एक साखर, बी गटात दुसरी. अनोळखी साखर दिसली की सीरममधल्या अँटीबॉडी पेशींना एकमेकींना चिकटवतात.

आणि ओ? ओ पेशींना कुणाच्याच सीरमने गुठळ्या होत नव्हत्या. म्हणून सगळे धरून चालले की ओ म्हणजे कोरी पाटी.

मग येतं १९५२. मुंबईतले डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना अशी माणसं सापडली, ज्यांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसत होतं, पण त्यांचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करत होतं. कोऱ्या पाटीवर कुणी का चिडावं? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये लेख छापला.

उलगडा असा. ओ पेशी कोरी नसतेच. तिच्यावर एच नावाची साखळी असते. ए आणि बी या साखरा त्या एचवरच बसतात. एच म्हणजे पाया, ए-बी म्हणजे वरचा मजला. बॉम्बे गटाच्या माणसात पायाच नाही, कारण एच बनवणाऱ्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यामुळे ए किंवा बीचा जीन असला तरी तो दिसत नाही. आणि शरीराला एच परका वाटतो. ओ पेशींवर तर एच भरपूर! म्हणून काकांचं रक्त त्या पेशंटला जीवघेणं ठरलं असतं. ही माणसं रक्त इतरांना देऊ शकतात, पण घेऊ शकतात फक्त आपल्याच गटाचं. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक धरतात, युरोपात दहा लाखांत एक.

आता प्रयोगाची खरी गंमत ऐका. पेशींवर अँटी-ए, अँटी-बी टाकलं तर बॉम्बे माणूस ओच दिसतो. उलट बाजूने, त्याचं सीरम ए आणि बी पेशींवर टाकलं तरी ओच दिसतो. दोन्ही टेस्ट पास, उत्तर चूक! तो पकडला जातो तिसऱ्या नळीत, जिथे ओ पेशी असतात. "इथे काही होणारच नाही" अशी खात्री असलेली नळी. कोडमध्येही असंच असतं ना? जी टेस्ट कायम पास होते ती आपण कंटाळून काढून टाकतो. तीच एखाद्या दिवशी माणूस वाचवते.

दुसरी गोष्ट घराघरांतली. आई बी, बाबांच्या कार्डावर ओ आणि मूल ए निघालं, की शाळेतला तक्ता म्हणतो "अशक्य", आणि संशय आईवर जातो. पण बाबा बॉम्बे गटाचे असतील तर त्यांच्यात लपलेला ए मुलात दिसू शकतो. तक्ता चुकतो, आई नाही.

१९५७ मध्ये मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं. आज तीच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, परळला केईएमच्या आवारात. आपल्याकडून लोकलने जाता येईल इतकी जवळ.

तर तुमच्या कार्डावर ओ असेल, तर पुढच्या रक्तदान शिबिरात एवढंच विचारा: "ओ पेशींसोबत तपासलंय का?" मी विचारलं. मी साधा ओच निघालो. काकाही. पण कुणाचं सांगावं, तुमच्यातलं कुणीतरी त्या रात्रीच्या मेसेजचं उत्तर असेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!